तांबट, शिंपी, परीट आणि कोतवाल

आमच्या महाविद्यालयाच्या आवारातील उंबरावर फाल्गुन लागला की एक पक्षी तासन्‌तास ‘टुक्‌, टुक्‌, टुक्‌’ करीत बसतो. त्याचे नाव तांबट. ‘कपाळावर तांबडा टिळा आहे म्हणून तांबट,’ असे एका वर्गमित्राने छातीठोकपणे सांगितले आणि आमचा वाद जुंपला. पक्षी अंगाने हिरवा. कपाळ आणि गळ्याखालचा पट्टा मात्र खरोखरच लाल. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘रक्तमस्तक’ असाच अर्थ आहे. तेव्हा मित्राचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण हे नाव डोळ्यांनी नव्हे, कानांनी ठेवलेले आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचा जो एकसारखा ठोका पडतो, तसाच आवाज हा पक्षी चोच मिटून, गळा फुगवून काढतो. इंग्रजांनीही त्याला तांबटच म्हटले. गंमत अशी की ‘तांबट’ आणि ‘तांबडा’ या दोन्ही शब्दांचे मूळ ‘ताम्र’ हेच. म्हणजे भांडून भांडून आम्ही दोघे एकाच घरी पोहोचलो!

माझी अडचण निराळीच होती. डोंबिवलीत वाढल्यामुळे पक्ष्याचा ठोका मी शेकडो वेळा ऐकला होता, माणसाचा एकदाही नाही. घरात सगळी भांडी स्टीलची. पुढे पुण्याला कसब्यातील तांबट आळीतून जाताना तो प्रथम कानी पडला आणि मनात आले, ‘अरे, हा तर आपला पक्षी!’ ज्याने हे नाव ठेवले, त्याला नेमके उलटे वाटले असणार.

एकदा हे ध्यानात आले की आपल्या पक्ष्यांत सगळा गावगाडा दिसू लागतो. शिंपी पक्षी पानांच्या कडांना चोचीने भोके पाडतो आणि त्यांतून कापूस किंवा कोळ्याचे धागे ओवून घरटे शिवतो. प्रत्यक्षात ती सलग शिवण नसते. प्रत्येक टाका सुटा, खिळा ठोकल्यासारखा. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘सुटोरियस’ हा लॅटिन शब्द शिंप्याचा नसून चांभाराचा आहे, आणि मला तोच अधिक नेमका वाटतो. (शिंपी मंडळींनी रागावू नये.)

थंडीत कल्याणच्या खाडीकाठी शेपटी वरखाली आपटीत चालणारा तो परीट किंवा धोबी. स्पॅनिश भाषेत या पक्ष्यांना ‘लावांदेरा’, म्हणजे धोबीण, म्हणतात. घाटावर धुणे आपटणारी माणसे तिकडेही होतीच!

कोतवालाच्या नावात ‘कोट’ आहे, कोटाचा रखवालदार. हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी कावळ्याहून लहान. पण घरट्याजवळ आलेल्या घारीलाही पिटाळून लावतो. म्हणून होले, हळद्ये त्याच्याच झाडावर बिऱ्हाड करतात.

राहिला खंड्या. त्याचे दुसरे नाव धीवर, म्हणजे कोळी. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील कित्येकांनी जाळी खुंटीला टांगून नोकऱ्या धरल्या. आमच्या गच्चीसमोरच्या तारेवर बसणाऱ्या धीवरालाही मासा पकडताना मी अजून पाहिलेले नाही. सरडे आणि नाकतोडे यांवर त्याचे उत्तम चालले आहे.