महालक्ष्म्यांच्या ताटाची डावी बाजू

भाद्रपदात गणपती बसले न बसले तोच आपल्या मराठवाड्यात महालक्ष्म्यांची घाई सुरू होते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळावर विसर्जन. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, आंबील, कढी आणि कित्येक घरी सोळा भाज्या! या साऱ्यात ताटाच्या डाव्या बाजूकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला? पण मैत्रिणींनो, पुरणाने गोडमिट्ट झालेल्या तोंडाला चव येते ती चटणी-कोशिंबिरीनेच, नाही का?

दोन वर्षांपूर्वी माझी कोशिंबीर पंगत बसेपर्यंत पाण्यात पोहत होती आणि पंचामृत कडू झालं होतं. कुणी बोललं नाही, पण वाट्या तशाच उरल्या. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी शेजारणींना विचारायचं. सासूबाई म्हणाल्या, “नैवेद्याला बाहेरचं चालायचं नाही हं!” मी म्हटलं, “पदार्थ नको आई, कृती तर चालेल?” त्यावर त्यांना हसू आलं.

मग आवाहनाच्या चार दिवस आधी आम्ही पाचजणी दुपारी वही घेऊन बसलो. समोरच्या वहिनींनी काकडीचं गुपित सांगितलं: काकडी चोचवून ठेवावी, पण मीठ, दाण्याचं कूट आणि फोडणी पानं वाढतानाच घालावी. मिठाने पाणी सुटतं, बाकी काही नाही! अंबडच्या एकीने मोसंबीची कोशिंबीर सांगितली. याच सुमारास आंबे बहराची मोसंबी आपल्या जालन्याच्या बाजारात येते. फोडींची साल आणि बिया काढून दही, चिमूटभर मीठ-साखर आणि मिरची घालायची. तीही आयत्या वेळी करावी, कारण सोलून ठेवलेली मोसंबी कडवट होते. तिसरीने दोडक्याच्या शिरांची चटणी दिली. भाजीसाठी दोडकी सोलतोच, त्या शिरा थोड्या तेलात कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, तिखट आणि मीठ घालावं. आदल्या दिवशी केली तरी चालते आणि खर्च जवळजवळ नाही.

राहिलं पंचामृत. ते गल्लीत उत्तम करायच्या कोपऱ्यावरच्या काकू. पण काका गेल्यापासून त्यांना महालक्ष्म्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. सवाष्णींचा सण ना! खरं सांगते, मलाही आधी त्यांची आठवण कृतीसाठीच झाली आणि त्याची लाज वाटली.

मी गेले. काकू म्हणाल्या, “अगं, मी अंदाजानेच करते.” मग त्या हाताने घेत गेल्या आणि मी खाली वाटी धरून मोजत गेले. माप असं: दहा-बारा हिरव्या मिरच्यांचे तुकडे, अर्धी वाटी दाणे, पाव वाटी खोबऱ्याचे काप, पाव वाटी भाजलेल्या तिळाचं कूट, अर्धी वाटी चिंचेचा कोळ, पाऊण वाटी गूळ, चमचाभर काळा मसाला आणि मीठ. तेलात मोहरी, हिंग, हळद आणि मेथीचे फक्त सात-आठ दाणे. मेथी काळी होऊ द्यायची नाही. माझं पंचामृत तिथेच कडू झालं होतं! मिरच्या, दाणे, खोबरं परतून कोळ आणि थोडं पाणी घालावं, उकळी आल्यावर बाकीचं. कडेने तेल दिसलं की उतरवावं. चार-पाच दिवस छान टिकतं, म्हणून आवाहनाच्या दिवशीच करून टाका.

निघताना मी म्हटलं, “काकू, पूजनाला जेवायलाच या.” त्या गप्प झाल्या. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्याही क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “कुंकवाचं मी बघते. पान मात्र पहिल्या पंगतीत मांड.”

काकू आल्या. ताटाची डावी बाजू आधी चाखून म्हणाल्या, “गूळ जरा कमी पडलाय.” पंगतीत सगळ्याजणी हसल्या. वहीत मी पाऊण वाटीपुढे ‘भरून’ असं लिहून ठेवलं.

तर यंदा एक करा. चार घरच्या कृती मापानिशी उतरवून घ्या. टिकणारं आधी, पाणी सुटणारं आयत्या वेळी, एवढं सांभाळलं की निम्मा ताण कमी. आणि कृती जिच्याकडून घ्याल, तिचं पान मांडायला विसरू नका.