मुक्त व्यापार आणि श्रमिक : भरपाईचा प्रश्न

मुक्त व्यापाराने राष्ट्राच्या एकूण संपत्तीत भर पडते, या मताला डेव्हिड रिकार्डो याने १८१७ साली शास्त्रीय बैठक दिली. त्याच्या उदाहरणात कापड व द्राक्षमद्य या दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्ये इंग्लंडपेक्षा कमी श्रमांत तयार होतात. तरीही पोर्तुगालने मद्य व इंग्लंडने कापड उत्पादून विनिमय केल्यास उभयतांचा लाभ होतो. हा निष्कर्ष मात्र दोन गृहीतांवर उभा आहे. भांडवल सहसा देशाबाहेर जात नाही, हे पहिले. आणि एका धंद्यातून सुटलेला मजूर दुसऱ्या धंद्यात सामावला जातो, हे दुसरे. श्रमिकांच्या बाजूने घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचे मूळ मुख्यतः या दुसऱ्या गृहीतात आहे.

मजूर सामावला गेला तरी त्याचे वेतन टिकेलच असे नाही. श्रम दुर्मिळ व भांडवल विपुल असलेल्या देशात आयात खुली झाल्यास वास्तव वेतन घटू शकते, हे स्टोल्पर व सॅम्युएल्सन यांनी १९४१ साली दाखविले. अशा हानीवर कॅल्डॉर याने १९३९ सालीच एक कसोटी सुचविली होती : लाभ झालेल्यांना हानी झालेल्यांची भरपाई करूनही काही शिल्लक राहत असेल, तर तो बदल इष्ट समजावा. येथे भरपाई ‘शक्य’ असणे पुरेसे मानले आहे. ती प्रत्यक्षात व्हावी, अशी अट नाही.

या फरकाचा प्रत्यय अमेरिकेत आला. १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्याने आयातीमुळे बेकार झालेल्या कामगारांसाठी साहाय्याची योजना निर्माण केली. पुढे चिनी आयात वाढत गेली व २००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. ऑटर, डॉर्न व हॅन्सन यांच्या २०१३ मधील अभ्यासानुसार, १९९० ते २००७ या काळात कारखानदारीतील रोजगारात जी घट झाली, तिच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश घटीचे कारण ही आयात होय. झळ पोहोचलेल्या भागांतून कामगार फारसे स्थलांतरित झाले नाहीत. तेथे अपंगत्व-भत्त्यासारख्या सर्वसाधारण अनुदानांत जी वाढ झाली, तिच्या तुलनेत खास व्यापारपीडितांसाठी असलेले साहाय्य नगण्य ठरले. या योजनेखाली नवे अर्ज मंजूर करण्याचा अधिकारही १ जुलै २०२२ पासून संपुष्टात आला.

भारतातील अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. १९९१ नंतरच्या जकातकपातीची झळ ज्या ग्रामीण जिल्ह्यांना अधिक लागली, तेथे दारिद्र्य तुलनेने कमी वेगाने घटले, असे पेटिया टोपालोवा यांनी २०१० साली दाखविले. श्रमिकांची अल्प गतिशीलता हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

यावरून जकातीच्या भिंती पुन्हा उभाराव्यात, असे अनुमान निघत नाही. स्वस्त मालाचा लाभ ग्राहकाला होतो, निर्यातदार देशांतील मजुरांना रोजगार मिळतो, आणि रोजगार घटण्यास यंत्रांतील सुधारणाही कारणीभूत असतात. तथापि लाभ देशभर विखुरतो व हानी काही गावांत आणि धंद्यांत साचते. म्हणून भरपाईची व्यवस्था हा मुक्त व्यापाराच्या समर्थनाचाच आवश्यक भाग ठरतो. तिच्या अभावी ‘राष्ट्राचा लाभ’ या शब्दांनी एका वर्गाकडून दुसऱ्याकडे झालेले उत्पन्नाचे संक्रमण केवळ झाकले जाते.