पंपास गवत: ‘एकटा ठोंब बी धरत नाही’?

पंपास गवताचे रेशमी, पांढरे तुरे आता आपल्याकडच्या फुलदाण्यांत आणि लग्नाच्या सजावटीतही दिसतात. ते पाहून अनेकांना नदीकाठी शरदात फुलणारं कास आठवतं. पण कास इथलं, पंपास दक्षिण अमेरिकेतलं. अर्जेंटिना-उरुग्वेकडच्या ‘पंपास’ माळरानांवरूनच त्याला हे नाव मिळालं.

परदेशात बाग करणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं, की दारात एकच ठोंब असला तर तो बी धरत नाही. हा समज अगदीच निराधार नाही. या गवताची काही झाडं निव्वळ मादी असतात, तर काही उभयलिंगी, म्हणजे परागकण पुरवणारी. मादीचा तुरा जास्त भरदार, म्हणून पूर्वी रोपवाटिकांत मादीचेच ठोंब फोडून विकत. आसपास पराग नसेल तर अशा झाडाला बी जवळपास धरतच नाही. पण बियांपासून केलेल्या रोपांत दोन्ही प्रकार निघतात, आणि वारा काही शेजाऱ्याच्या कुंपणाशी थांबत नाही. पराग मिळाला की एका तुऱ्यात लाखभर बिया तयार होऊ शकतात आणि कित्येक किलोमीटर उडत जातात. त्याचं भावंड जुबाटा तर परागाशिवायच बी धरतं.

कॅलिफोर्नियात हे गवत 1848 मध्ये शोभेसाठी आलं. आज तिथल्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि रस्त्याकडेच्या उतारांवर ते स्थानिक झाडांची जागा बळकावतं. न्यूझीलंडमध्ये त्याची विक्री आणि लागवड दोन्हींवर बंदी आहे. तिथे उलटा घोळही होतो: पंपास समजून लोक तिथलं मूळचं टोएटोए उपटतात. ते पाप टाळायचं तर बुंध्याशी बघावं. पंपासची वाळलेली पाती रंधा मारल्यावर निघणाऱ्या सालपटांसारखी गुंडाळतात, टोएटोएची नाही. शिवाय टोएटोए आधी फुलतं आणि त्याचे तुरे झुकलेले असतात.

‘भरपूर पाणी लागतं’ हेही खरं नाही. एकदा रुजलं की ते कोरड्यात तग धरतं; खरा धोका साचलेल्या पाण्याचा. जुनी पाती जाळून टाकण्याचा सल्ला तर मला मुळीच पटत नाही. वाळलेला ठोंब क्षणात भडकतो, मधला जिवंत गाभा करपतो, आणि ब्रिटनमध्ये त्यात हेजहॉगसारखे प्राणी आसऱ्याला असतात. हिवाळा सरताना आधी आत कुणी नाही ना हे बघून कापणी करावी, तीही जाड हातमोजे आणि लांब बाह्या घालून. पात्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. ‘कॉर्टाडेरिया’ हे शास्त्रीय नाव ‘कापणे’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरूनच आलं आहे.

‘छोटी जात लावू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ठेंगणी म्हणून विकली जाणारी ‘पुमिला’देखील दीड मीटरच्या आसपास जाते.

जिथे लावायला मुभा आहे तिथेही मी आधी स्थानिक गवत शोधेन. झाड असेलच, तर फुलदाणीसाठी तुरे उमलू लागताच कापावेत, म्हणजे बी पिकत नाही. पिकलेले तुरे खतखड्ड्यात टाकू नयेत. पिशवीत घालून तिचं तोंड घट्ट बांधावं.