ठाम मत, पण प्रवचन नको

हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या आजींना आपण "तुमच्या डबीत विष आहे" असं सांगितलं, तर काय होईल? आजी डबी पदराआड करतील, सून आपल्याकडे रागानं बघेल आणि डबी घरी जाऊन पुन्हा देवघरात बसेल. मत खरं, पण काम फुकट!

डबी शेंदराची आहे आणि आमचं मत ठाम आहे : लहान मुलांच्या घरात शिशाचा शेंदूर नको. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. वजनाच्या सुमारे ९० टक्के शिसंच. तो बोटाला लागतो आणि मुलांचं बोट तोंडात जातं. शिशाचा घाव मेंदूच्या वाढीवर पडतो. अमेरिकेच्या सीडीसीनं २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ-पातळी डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. 'इतकं चालेल' अशी सुरक्षित पातळी कुणालाच ठाऊक नाही.

हे सगळं माइकवरून सांगता येतं. पण पीएच.डी.वाला माइकपाशी गेला की मंडळी चहाकडे वळतात! गाडगेबाबा (१८७६-१९५६) आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत. उत्तर श्रोत्यांच्या तोंडून येई. फॅरेडेनं लंडनला मुलांना रसायनशास्त्र सांगितलं, तेही एक मेणबत्ती समोर ठेवून.

आम्हीही एका टेबलावर वाटीत हळद आणि ओला चुना कालवला. (हे फक्त दाखवायला, चुना कातडीला झोंबतो, कपाळाला लावू नये.) पिवळ्याचं लालभडक झालं. एक आजी म्हणाल्या, "आमच्याकडे कुंकू हळदीचंच करायचे. मग शेंदूर कशाचा असतो हो?" प्रश्न त्यांचा होता, म्हणून उत्तर त्यांनी ऐकून घेतलं.

यातून आम्ही चार गोष्टी धरून ठेवल्या आहेत. एका वेळी एकच मुद्दा मांडावा. आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून, तेही सांगावं. श्रद्धेला हात लावू नये. तक्रार शिशाबद्दल आहे, मारुतीबद्दल नाही. आणि 'हे टाका' म्हणताना 'हे घ्या' म्हणून दुसरं काही हातात द्यावं.

मात्र सूर नरम करावा, मत नव्हे. मुलाच्या तब्येतीचा प्रश्न असताना "बघा बुवा, तुमचं तुम्ही" म्हणणं ही सभ्यता नाही, अंग काढून घेणं आहे.

तेव्हा मंडळी, आज देवघरातली डबी जरा बघा. शिसं डोळ्यांना ओळखू येत नाही. शंका असेल तर डबी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि त्यांच्या डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. आमचं म्हणणं पटलं नाही, तर पुढच्या कार्यक्रमात जरूर भांडायला या. चहा आमच्याकडून!