‘खोडव्या’चा ‘गोडवा’ का होतो?

कोडोली-वारणानगर पट्ट्यात उसाच्या नोंदी मोबाइलवर बोलून टिपताना ‘खोडवा’चा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) ‘गोडवा’ होऊ शकतो. मग माणूस तोच शब्द मोठ्याने, तोडून म्हणतो. त्याने फारसे साधत नाही. श्रुतलेखन प्रणाली (बोलणे ऐकून मजकूर लिहिणारे सॉफ्टवेअर) आवाजाबरोबर तिथे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हेही तोलते. शहरातून नवा आलेला कारकून नीट ऐकतो, पण लिहितो ओळखीचाच शब्द, तसेच हे. म्हणून प्रणालीला ऊस-गुळाच्या खास शब्दांची यादी द्यावी: आडसाली, खोडवा, काहील, चुलवाण. ही सोय सगळ्याच ॲपमध्ये नसते. असली तरी यादी फुगवू नये, नाहीतर खऱ्या गोडव्याचाही खोडवा व्हायचा! शिवाय सुटा शब्द न म्हणता ‘खोडव्याला पाणी दिलं’ असे पूर्ण वाक्य बोलावे.