जहऱ्यातला संगणक, मराठीतला ब्राउझर

संगणक कुवेतमधल्या जहऱ्यात घेतलेला असला, तरी त्यावरचा ब्राउझर मराठीत चालू शकतो. २००४ साली आलेला मोझिलाचा फायरफॉक्स फुकट आहे, त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. गावाहून आलेल्या आईवडिलांसाठी मला ही मराठीची सोयच सर्वांत मोलाची वाटते.

ईमेलसाठी मोझिलाच्याच परिवारातला थंडरबर्ड घ्यावा. घरचा आणि नोकरीचा, दोन्ही पत्ते एकाच ठिकाणी दिसतात. खाते जोडताना मात्र ‘आयमॅप’ निवडा. त्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात. संगणक बिघडला, देश बदलला, तरी हाताशी असतात. ‘पॉप’मध्ये ती संगणकावर उतरतात आणि सर्व्हरवरून पुसलीही जाऊ शकतात. ईमेलने आलेली इकाम्याची (निवास परवान्याची) कागदपत्रे अशी गमावू नयेत. दोन्ही सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळांवरूनच उतरवून घ्या.