लवकर पोहोचलात? मग दंड भरा

मोटार रॅलीत जो आधी पोहोचेल तो जिंकला, ही समजूत ट्रॅकवरच्या शर्यती बघून झालेली आहे. रॅलीत गाड्या एकत्र सुटतच नाहीत, ठरावीक मिनिटांच्या अंतराने एकेक सुटते. सर्वांत आधी परतलेली गाडी निकालात दहावीही असू शकते.

याहून मुरलेला गैरसमज म्हणजे ‘लवकर पोहोचलो तर बरंच की!’ जागतिक रॅली मालिकेत वेगाची परीक्षा फक्त बंद ठेवलेल्या रस्त्यांवर, म्हणजे स्पेशल स्टेजवर होते. एका स्टेजहून दुसरीकडे जाताना गाड्या वाहत्या रस्त्याने, रहदारीचे नियम पाळत जातात आणि त्यासाठी मिनिटं नेमून दिलेली असतात. समजा, वेळ नोंदवणाऱ्या मागच्या चौकीवर ९.१० ची नोंद झाली आणि पुढे ४० मिनिटं दिली आहेत. मग नोंद ९.५० चीच हवी. ९.५३ झाले, तर मिनिटाला १० सेकंदांप्रमाणे ३० सेकंद दंड. ९.४८ ला नोंद झाली, तर मिनिटाला अख्खं मिनिट, म्हणजे १२० सेकंद! ‘अति घाई संकटात नेई’ ही घाटातली पाटी इथे शब्दशः लागू.

म्हणून चौकीच्या पिवळ्या पाटीअलीकडे गाड्या निवांत रांग लावून उभ्या दिसतात. आपल्या मिनिटाच्या आधीच्या मिनिटात गाडी आत घेता येते. पण नोंद होते ती को-ड्रायव्हरने टाइम कार्ड, म्हणजे वेळांच्या नोंदीचं कार्ड, चौकीवरच्या मार्शलच्या हातात दिल्या क्षणाची, गाडी आल्याची नव्हे. घड्याळात ९.५० झाल्यापासून त्या मिनिटाच्या ५९ व्या सेकंदापर्यंत कधीही कार्ड दिलं तरी चालतं.

स्टेजवर मात्र सेकंदाचा दहावा भाग मोजतात. शेवटची रेषा गाडी भरधाव ओलांडते. थांबायची जागा काही शे मीटर पुढे असते. २०११ च्या जॉर्डन रॅलीत सेबास्तियाँ ओजिए ०.२ सेकंदाने जिंकला आणि २०२४ च्या सार्डिनिया रॅलीत तेवढ्याच फरकाने हरला. अशा हिशेबात चौकीवरचं एक मिनिट किती महाग, ते बघा.

आपल्याकडे मुंबईहून आंबी व्हॅलीला होणारी महिलांची रॅली वेगळ्या, टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) प्रकारची. तिथे सरासरी वेग नेमून दिलेला असतो. ताशी ३६ किलोमीटर सांगितला, तर १२ किलोमीटरला बरोबर २० मिनिटं. आधी दामटून मग टपरीवर चहा घेऊ म्हणाल, तर ते जमत नाही, कारण चौक्या कुठे आहेत हे आधी सांगत नाहीत. ज्याचा दंड कमी, तो जिंकला.

आणि ‘नोंदीचं काय ते मार्शल बघतील’ असं समजू नका. कार्डावरच्या आकड्यांची जबाबदारी गाडीतल्या जोडीची असते. कार्ड हातात पडलं की वाचा आणि चूक दिसली तर चौकी सोडण्याआधीच बोला.